सागाचा चॉपिंग बोर्ड: एक पावसाळा काढल्यानंतर

"घरात विळी असताना बोर्ड हवाय कशाला?" आईचा प्रश्न रास्तच होता. विळीचं पातं जागेवर उभं, भाजी हातात, फोडी खाली ताटात. बोर्डाचा संबंधच येत नाही. पण ओट्याशी उभं राहून सुरीने चिरायचं तर सुरीखाली काय आहे याला फार महत्त्व येतं. ग्रॅनाइटवर थेट चिरलं की धार गेलीच. काचेचे बोर्ड दिसायला छान, पण तीच गत.

दिवाळीत हा सागाचा बोर्ड घेतला, आता गणपतीही होऊन गेले. माप १६ बाय ११ इंच, वजन दीड किलोच्या आसपास. आधीच्या छोट्या प्लास्टिकच्या बोर्डावर मेथीची जुडी चिरली की निम्मी ओट्यावर सांडायची. आता कोबीचा अख्खा गड्डा आरामात मावतो. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी मोठं मापच घ्या म्हणेन, फक्त आपल्या सिंकमध्ये तो आडवा-तिरपा धुता येतो का ते आधी मोजून बघा.

सागात मुळातच तेलाचा अंश असतो, त्यामुळे पाण्याला तो दाद देत नाही. त्याच लाकडात सिलिकाही असते आणि ती धार किंचित लवकर बोथट करते. मला सुरी थोडी जास्त वेळा घासावी लागते, पण कुरकुर करण्याइतकं ते नाही. माझा बोर्ड लांब पट्ट्या जोडून केलेला आहे. लाकडाचे तंतू उभे ठेवून ठोकळ्याठोकळ्यांचे बोर्डही मिळतात. त्यांत सुरी तंतूंच्या मधे शिरते, चरे कमी पडतात. पण ते जड, महाग आणि तेल भरपूर पिणारे.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. ओल्या ओट्यावर आडवा ठेवला की खालची बाजू दमट राहते आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. म्हणून धुताना दोन्ही बाजू धुवायच्या, पुसायच्या आणि बोर्ड काठावर उभा करायचा. एकच बाजू भिजत राहिली तर तो वाकतो. आमचा अजून सपाट आहे. शेजाऱ्यांचा बांबूचा बोर्ड मात्र जुलैतच जोडांपाशी काळा पडला.

तेलाबद्दल थोडं सविस्तर. गोडेतेल किंवा शेंगदाण्याचं तेल लावू नका, ते सुकत नाही आणि काही दिवसांनी खवट वास येतो. मेडिकलमध्ये बद्धकोष्ठावर मिळणारं साधं लिक्विड पॅराफिन आणायचं (बाटली मागताना दुकानदाराच्या नजरेकडे दुर्लक्ष करा), रात्री चोळून ठेवायचं, सकाळी पुसायचं. लाकूड फिकट, कोरडं दिसू लागलं की पुन्हा. सुताराकडून करून घेणार असाल तर पॉलिश नको म्हणून बजावून सांगा. चकचकीत थर सुरीने निघतो आणि भाजीत जातो.

लाकडावर जंतू राहतात ही भीती बऱ्याच जणांना असते. अमेरिकेत डीन क्लायव्हर या संशोधकाने याच्या चाचण्या केल्या होत्या. लाकडावरचे जंतू आत शोषले गेले आणि पृष्ठभागावर सहसा पुन्हा सापडले नाहीत. उलट सुरीचे चरे पडलेलं जुनं प्लास्टिक हाताने धुऊन निर्जंतुक करणं अवघड गेलं. तरी मासळीला मी जुना प्लास्टिकचाच बोर्ड ठेवलाय. बांगड्याचा वास सागात मुरला तर सफरचंद कोण खाणार?

लसणाचा वासही राहतोच. मीठ-लिंबू चोळून कमी होतो, पूर्ण जात नाही. म्हणून एक बाजू कांदा-लसणाची, दुसरी फळांची. यासाठी बोर्डाला रबरी पाय नसलेले बरे, नाहीतर तो उलटता येत नाही. घसरू नये म्हणून खाली ओलं फडकं पुरतं. लोणच्यासाठी ओली हळद चिरली तेव्हा पिवळा डाग पडला, तो कोवळ्या उन्हात बराच फिका झाला. कडक उन्हात मात्र ठेवू नका, लाकूड तडकतं.

कडेची पन्हळ अगदीच उथळ आहे. रसाळ टोमॅटो किंवा हापूस चिरला की रस ओट्यावर येतो. या किमतीत ती खोल हवी होती.

हाडं यावर तोडत नाही, मटणाचे तुकडे दुकानातूनच करून आणतो. आणि घरात सगळी भांडी डिशवॉशरमध्ये टाकायची सवय असेल तर हा बोर्ड घेऊच नका, प्लास्टिकचा घ्या आणि चरे पडले की बदला.