उयुनीचं रेल्वे कब्रस्तान: जीपच्या थांब्यात उरकू नका

बोलिव्हियात उयुनीला लोक येतात ते मिठाच्या वाळवंटासाठी. जीपवाले आधी रेल्वेच्या कब्रस्तानावर, म्हणजे जुनी वाफेची इंजिनं टाकून दिलेल्या जागेवर थांबतात, फोटो काढायला लावतात आणि अर्ध्या तासात हाका मारायला लागतात. आमच्या जीपनेही तेच केलं. मी कुर्डुवाडीचा, बाबा तिथल्या नॅरोगेज (अरुंद रुळांच्या) रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. माझं एवढ्यावर समाधान होणं शक्यच नव्हतं. सहल आटोपल्यावर एका पहाटे गावातून पुन्हा चालत गेलो. अंतर तीनेक किलोमीटर. तिकीट नाही, कुंपण नाही, आणि त्या वेळी माणूसही नाही.

चिलीतल्या अँटोफगास्टा बंदरातून ब्रिटिश भांडवलावर निघालेली रेल्वे १८८९ मध्ये इथं पोचली, वांचाकाच्या खाणीतली चांदी समुद्राकडे न्यायला. तेव्हा रुळांची रुंदी होती अडीच फूट, म्हणजे थेट आपल्या कुर्डुवाडीच्या बार्शी लाइट रेल्वेची! पुढे १९२८ मध्ये मीटरगेज, म्हणजे एक मीटर रुंदीचं झालं. १९४० च्या दशकात खाणकाम ढासळलं आणि वाफेची इंजिनं इथंच सोडून दिली गेली.

सावकाश बघितलं की इंजिन आतून कळतं. स्मोकबॉक्सची, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या टोकाच्या धुराच्या पेटीची दारं गेलेली, त्यामुळे बॉयलरच्या नळ्यांची तोंडं सरळ समोर येतात. फायरबॉक्समध्ये, म्हणजे आगीच्या भट्टीत वाकून बघता येतं. खारा वारा पातळ पत्रा आधी खातो, म्हणून टेंडरची (इंधन-पाण्याच्या डब्याची) चाळण झालीय, पण बॉयलरची जाड प्लेट आणि रिव्हेटांच्या रांगा अजून शाबूत आहेत. चालू इंजिनात हे कोण दाखवणार? एका इंजिनावर कुणीतरी स्पॅनिशमध्ये रंगवलंय, ‘अनुभवी मेकॅनिक पाहिजे’. तो फोटो बाबांना पाठवला, तर त्यांचा पहिला प्रश्न, "कनेक्टिंग रॉड आहेत का जागेवर?" चाकं फिरवणारे हे दांडे काहींचे आहेत. बाकी रंगरंगोटीचा मात्र मला मनापासून राग येतो. मेकरची पाटी, नंबर, काहीही शोधायचं तर आधी त्या रंगाशी झगडावं लागतं.

जागेला पाचपैकी पाच, जीपच्या थांब्याला दोन. उंची सुमारे ३,६५० मीटर आहे, तेव्हा आल्या दिवशी चालत जाऊ नका, धाप लागते. जाड जॅकेट आणि पाणी हवंच. जीपांचे ताफे यायच्या आत पोचा. आणि फोटोसाठी इंजिनांवर चढू नका. वरून धड दिसणारा पत्रा आतून खाल्लेला असतो आणि कडा हात कापतात.