पीएफसीत व्हॅली स्किपिंग: फ्रिक्वेन्सीची मर्यादा बरी की व्हॅली लॉक?

पीएफसी (पॉवर फॅक्टर करेक्शन) म्हणजे मेन्समधून ओढलेला करंट व्होल्टेजच्या आकाराचा ठेवणारं सर्किट. त्यातला स्विच, म्हणजे मॉस्फेट, बंद असताना चोकमधला (कॉइलमधला) करंट संपला की स्विचवरचा व्होल्टेज खाली-वर झुलतो; त्यातला प्रत्येक खळगा म्हणजे व्हॅली, आणि तिथे स्विच चालू केला की नुकसान कमी. लोड कमी असताना काही व्हॅली सोडून पुढचीत चालू करणं म्हणजे व्हॅली स्किपिंग. डिजिटल पीएफसी कंट्रोलरमध्ये ते लावताना बहुधा दोन पर्याय समोर येतात. एकात कमाल स्विचिंग फ्रिक्वेन्सी भरायची; तिच्या एका पिरियडएवढा वेळ सरला की पुढे येणाऱ्या पहिल्या व्हॅलीत मॉस्फेट चालू होतो. दुसऱ्यात लोडप्रमाणे व्हॅलीचा क्रमांक ठरतो आणि हिस्टेरेसिस देऊन (जाण्याची आणि परतण्याची हद्द वेगळी ठेवून) तो लॉक होतो. १५० वॅटच्या, डिम होणाऱ्या एलईडी ड्रायव्हरवर मी दोन्ही चालवून पाहिले. आता लॉक वापरतो.

मर्यादेची सोय मोठी आहे, हे मान्य. एक आकडा भरला की काम झालं. ईएमआय (विद्युत-चुंबकीय गोंगाट) फिल्टर आधीच ठरलेला असेल आणि वरची हद्द पक्की हवी असेल, तर तोच पर्याय घ्यावासा वाटेल.

माझा निर्णय झाला तो चोकच्या आवाजावरून. चोक २०० मायक्रोहेन्रीचा, ड्रेनवरची (मॉस्फेटच्या स्विच होणाऱ्या टोकावरची) कपॅसिटन्स २०० पिकोफॅरडच्या आसपास; म्हणजे दोन व्हॅलींत साधारण सव्वा मायक्रोसेकंद. मर्यादेची वेळ नेमकी व्हॅलीच्या तोंडावर संपली, की कंट्रोलर एका सायकलला दुसरी व्हॅली धरतो, पुढच्याला तिसरी. स्कोपला पर्सिस्टन्स लावला (जुन्या रेषा पडद्यावर टिकू दिल्या) की ड्रेनच्या चढत्या-उतरत्या कडा दुहेरी दिसतात. ही अदलाबदल ऐकू येणाऱ्या पट्ट्यात उतरते आणि चोक बारीक शीळ घालतो. दिवसा कारखान्यात कळत नाही. दिवे मंद केलेल्या शांत खोलीत मात्र असह्य होतं. चोकला वार्निश देऊन आवाज दबला, गेला नाही.

लॉकमध्ये मी लोड ४० टक्क्यांखाली गेला की तिसरी व्हॅली घेतो आणि ५० टक्क्यांवर चढल्याशिवाय दुसरीवर परतू देत नाही. बदल फक्त झिरो क्रॉसिंगला, म्हणजे मेन्सचा व्होल्टेज शून्यातून जाताना. शीळ गेली.

याची किंमत ऑन-टाइमचं (मॉस्फेट चालू राहण्याच्या वेळेचं) टेबल भरण्यात मोजावी लागते. व्हॅली सोडली की थांबण्याचा वेळ वाढतो, सरासरी करंट घटतो. पूर्ण पिरियड आणि करंट वाहण्याचा वेळ यांच्या गुणोत्तराने ऑन-टाइम वाढवला नाही, तर झिरो क्रॉसिंगजवळ करंट दबतो आणि टीएचडी (करंटच्या आकारातली विकृती) बिघडतो. हे मर्यादेतही करावंच लागतं, पण तिथे एका अर्ध्या सायकलमध्ये व्हॅली कितीदा तरी बदलते आणि करंटला पायऱ्या पडतात.

चौथ्या व्हॅलीपुढे मी जात नाही. २३० व्होल्टच्या शिखराला, म्हणजे ३२५ व्होल्टला, बस (पीएफसीचा आउटपुट व्होल्टेज) ४०० असेल तर पहिली व्हॅलीसुद्धा २५० व्होल्टवरच थांबते. पुढच्या आणखी उथळ. त्याखालच्या लोडला बर्स्ट मोड (थोडा वेळ स्विचिंग, थोडा वेळ बंद) बरा.

पंखा असलेल्या सर्व्हर सप्लायला किंवा खांबावरच्या दिव्याला मर्यादा पुरेशी ठरावी. माणसाच्या डोक्यावर लागणाऱ्या दिव्यासाठी मात्र मी लॉकच सुचवेन. हिस्टेरेसिस ठरवताना बोर्ड डब्यात बंद करा, खोलीतला पंखा थांबवा आणि डिमर अगदी सावकाश फिरवत ऐका.