आठ महिने ऑनलाइन कोशांच्या सोबतीनं: आपल्या बोलीचं काय सापडलं, काय नाही

मी लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. गेल्या आषाढात अकरावीच्या निबंधाच्या वह्या तपासताना एका मुलीच्या वहीत 'कामून' हा शब्द दिसला. नेहमीच्या सवयीनं लाल शाईनं गोल केला आणि बाजूला 'का' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. "मॅडम, हे कामून खोडलं? आमच्या घरात समदे असंच म्हणतेत." मी 'प्रमाणभाषेत चालत नाही' असं सांगून तिला परत पाठवलं. पण उत्तर माझं मलाच पटलं नाही. शब्द चूक आहे म्हणायला तो आला कुठून, हे मला कुठं ठाऊक होतं?

त्या रात्री शोधायला बसले आणि तेव्हापासून आठ महिने जवळपास रोज काही ना काही उघडून बघते आहे. आपल्या भागातल्या शिक्षकांना, अभ्यास करणाऱ्या मुलांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते.

सगळ्यात जास्त वापर झाला तो शिकागो विद्यापीठाच्या 'डिजिटल साउथ एशिया लायब्ररी'चा. तिथं दक्षिण आशियातल्या कितीतरी भाषांचे कोश शोधता येतील अशा रूपात ठेवलेत. मराठीसाठी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती आहे. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, श्री. ग. वझे यांचा १९११चा शालेय कोश आहे आणि शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही आहे. पैसे पडत नाहीत, खातं उघडावं लागत नाही. त्याआधी मी एका मोबाइल अ‍ॅपला वर्षाचे पैसे भरले होते. त्यात शब्दाला एका ओळीचा अर्थ आणि खाली जाहिरात, एवढंच मिळायचं.

पहिले पंधरा दिवस मात्र माझी निराशाच झाली. आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, जुन्या वाड्यातल्या पेवाच्या गोष्टी सांगतात. जमिनीत खोल खड्डा, आत ज्वारी, वरून तोंड बंद. पेव उघडलं की आतली कोंदट हवा निघून जाईपर्यंत कुणी उतरायचं नाही. म्हणून 'पेव' शोधलं तर मोल्सवर्थमध्ये हवं ते येईना. वाटलं, एवढा मोठा कोश आणि आपलं पेव नाही? चार दिवसांनी दुसरंच काही शोधताना 'पेंव' दिसलं, डोक्यावर अनुस्वार घेऊन. तेव्हा उलगडा झाला. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. मोल्सवर्थ, वझे, दाते-कर्वे हे कोश त्याच्या आधीचे. त्यांच्यात गाव म्हणजे गांव, नाव म्हणजे नांव, पाच म्हणजे पांच. आपण आजच्या लेखनानं शोधतो आणि रिकाम्या हातानं परततो. तेव्हापासून माझा नियम झाला: शब्द सापडला नाही की आधी अनुस्वार देऊन बघायचं, मग ऱ्हस्व-दीर्घ बदलून, आणि तरीही नाही तर फक्त पहिली दोन अक्षरं टाकून यादी चाळायची. हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझे पंधरा दिवस वाचले असते.

दुसरी युक्ती याहून मोठी. मोल्सवर्थचे अर्थ इंग्रजीत आहेत आणि शोध नुसत्या मूळ शब्दात न घेता सगळ्या मजकुरात घेता येतो. म्हणजे कोश उलटा वापरता येतो. मी धान्याच्या कोठारासाठीचा इंग्रजी शब्द टाकला, तर धान्य साठवायच्या जागांचे मराठी शब्द एकाखाली एक आले. मग वर्गात मुलांना विचारलं, "घरी धान्य कशात ठेवायचे ते आजीला विचारून या." कणगी, बळद, पेव असे शब्द घेऊन मुलं आली. बळद म्हणजे भिंतीलगत बांधलेली धान्याची जागा, हे माळवदाच्या घरात वाढलेल्या आजींनी हातवारे करून सांगितलेलं. 'बातम्यांचं पेव फुटलं' असं पेपरात वाचणाऱ्या मुलांना त्या पेवात ज्वारी असायची हे त्या दिवशी कळलं.

मोल्सवर्थ वापरताना एक भान ठेवावं. काही शब्दांपुढे तो गावंढळ किंवा हलका अशा अर्थाचा शेरा मारतो. तो शेरा १८५७ सालचा आहे, आणि त्याच्यासोबत बसलेल्या शास्त्रीमंडळींच्या कानांनी ऐकलेला आहे. शब्द त्याच्याकडून घ्यावा, निवाडा घेऊ नये. मी मुलांना हे स्पष्ट सांगते.

आता 'कामून'. हे 'का म्हणून' आहे, एवढं तर कानालाच कळतं. आपल्याकडं 'म्हणून'चं 'म्हून' होतंच. पण जुन्या मराठीच्या कोशात 'म्हणौनि' बघितलं आणि ज्ञानेश्वरी शिकवताना शेकडो वेळा तोंडात आलेला शब्द पुन्हा नव्यानं भेटला. म्हणौनि, म्हणून, म्हून. त्या मुलीचा 'कामून' याच वाटेवरचा. तिला बोलावून फळ्यावर ही ओळ लिहून दाखवली. परीक्षेच्या पेपरात 'का' लिहायचं, हेही सांगितलं, कारण मार्क तिचे जायचे. पण वहीतला लाल गोल मी स्वतः पांढऱ्या शाईनं झाकला.

दाते-कर्वे कोशाबद्दल वेगळं लिहायला हवं. सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले आणि पुरवणी १९५०मध्ये. हा मराठीतून मराठी, त्यामुळं मुलांना थेट देता येतो. म्हणी, वाक्प्रचार, जुन्या ग्रंथांतले दाखले, सगळं भरगच्च. शब्द कोणत्या भागातला त्याच्या खुणाही कंसात असतात: व. म्हणजे वऱ्हाडी, खा. म्हणजे खानदेशी, गो. म्हणजे गोमंतकी. मी चाळलेल्या नोंदींत आपल्या भागाची खूण मात्र हुडकावी लागली. वाईट वाटलं, पण कारण समजण्यासारखं आहे. कोशाचं काम पुण्यात चाललं होतं आणि मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता.

हीच गोष्ट ब्रिटिश काळात ग्रियर्सननं केलेल्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणात तर उघडच आहे. त्याचा सातवा खंड मराठीचा, १९०५ सालचा. तोही ऑनलाइन वाचता येतो. मोठ्या आशेनं उघडला होता. पण त्या सर्वेक्षणाच्या कक्षेत मद्रास इलाखा नव्हता आणि हैदराबाद, म्हैसूर ही संस्थानंही नव्हती. आपले जिल्हे हैदराबाद संस्थानात. पैठणला एकनाथ झाले, गंगाखेडला जनाबाई, नरसीला नामदेव आणि अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी. जिथं मराठी इतकी जुनी, त्याच मुलखाची बोलती मराठी त्या मोजणीतून सुटली. म्हणून सांगते, जुन्या कोशात आपला शब्द नाही मिळाला तर शब्द खोटा समजू नका. मोजणारे आपल्या वेशीपर्यंत आलेच नव्हते.

निजामाच्या राज्याचा दुसरा धागा आमच्या घरातच होता. आजेसासऱ्यांच्या पेटीत इनामाच्या जमिनीचा एक उर्दू कागद आहे. गावातल्या एका वयस्कर गुरुजींनी तो वाचून दाखवला. मी शब्द देवनागरीत उतरवून घेतले आणि प्लॅट्सचा १८८४चा उर्दू कोश उघडला. तोही शिकागोच्याच लायब्ररीत आहे. रोमन अक्षरांत टाकूनही शोधता येतो. आत्याबाई त्या कागदाला 'मुंतखब' म्हणतात, त्या शब्दाचा अर्थ निवडलेला, उतारा काढलेला, हे तिथं कळलं. कागदावरचं साल फसली, म्हणजे निजामाच्या राज्यात चालणाऱ्या कालगणनेतलं होतं. त्यात ५९० मिळवले की इसवी सन साधारण हाती येतो. म्हणजे फसली १३३५ असेल तर १९२५-२६. जमिनीच्या कामासाठी मात्र कोशावर विसंबू नका, जाणकाराकडून रीतसर भाषांतर करून घ्या. आम्ही आधी एका ठिकाणी पैसे देऊन करून घेतलेल्या भाषांतरात सालच चुकलं होतं. ते कोशामुळं आणि गुरुजींमुळं उघडकीला आलं.

उर्दूचा विषय निघालाच आहे तर 'रेख्ता' या उर्दू कवितेच्या संकेतस्थळाबद्दल थोडक्यात. वली आणि सिराज, दोघेही आपल्या औरंगाबादचे म्हणून ओळखले जाणारे कवी तिथं देवनागरीत वाचता येतात आणि शब्दावर बोट ठेवलं की अर्थ समोर येतो. मला उर्दू लिपी येत नाही, तरी वाचता आलं. हे पुष्कळ झालं.

माझ्या मनात सगळ्यात जास्त रुजलेला शोध येळवसेचा. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला येळवस काय ते सांगायला नको. मार्गशीर्षातल्या अमावस्येचा शेतातला सण, कडब्याची कोप म्हणजे खोपी, जेवायला भज्जी, उंडे, आंबील, आणि गाव सगळं ओस. पेपरात आणि सुट्ट्यांच्या यादीत तिला 'वेळ अमावस्या' म्हणतात, आणि मीही इतकी वर्षं तेच बरोबर समजत होते. 'येळवस' म्हणजे त्याचा बिघडलेला उच्चार, असं मुलांना सांगतही होते. मग शिकागोच्या त्याच लायब्ररीत बरो आणि एमेनो यांचा द्राविडी भाषांचा व्युत्पत्तिकोश मिळाला. त्यात तीळ या अर्थी कन्नडचा 'एळ्ळु', तमिळचा 'एळ्' एकाच नोंदीत आहेत. आणि शेजारी बिदर, कलबुर्गीकडं हाच सण ह्याच अवसेला 'येळ्ळ अमावस्या' म्हणून शेतातच साजरा होतो. येळ्ळ आणि अवस. मला तरी येळवस हीच मूळची वाटते, आणि 'वेळ' नंतर कुणीतरी शुद्ध करायला बसवलेली. आंबील शिंपडताना आत्याबाई जी ललकारी देतात तिचा अर्थ घरात कुणालाच लागत नाही. तीही कानडीच्याच अंगणातली असावी असं आता वाटतं. यंदा येळवसेला मी शेतात गेले तेव्हा ती निराळ्याच कानांनी ऐकली.

कोशांना एक मर्यादा आहेच, ते शब्द पकडतात, बोलणं नाही. आपल्याकडचं 'करू लालाव', 'जाऊ लालाव' कुठल्या नोंदीत शोधणार? 'करू लागलो'चं ते घासून झालेलं रूप असावं, पण त्याचा हेल छापता येत नाही. ती उणीव दोन ठिकाणी भरून निघाली. एक म्हणजे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण. गावोगावी जाऊन अमक्या वस्तूला, अमक्या नात्याला तुम्ही काय म्हणता असं विचारून, माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ते ऑनलाइन ठेवलंय, आणि शब्द कुठं कसा बदलतो त्याचे नकाशेही आहेत. वर्गात नकाशा लावला की मुलं आधी आपला जिल्हा हुडकतात.

दुसरं म्हणजे 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावरचा जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह. हेमा राइरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी सुरू केलेल्या कामातून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या आहेत, पुष्कळशा बायांच्या स्वतःच्या आवाजात. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या मी आत्याबाईंना मोबाइलवर ऐकवल्या. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. तिसऱ्या-चौथ्या ओवीला त्यांचा हात थांबला. पुढं दुसऱ्या एका गावच्या, माहेरच्या वाटेवरच्या ओव्या लागल्या, तर मोबाइलमधली बाई दुसरी ओळ म्हणायच्या आत ह्यांनीच ती म्हटली. "ही तर आमच्या मायची," म्हणाल्या. बाई कुठल्या कोण, ओवी दोघींचीही. नेट मध्येच तुटलं तरी त्या थांबल्या नाहीत, आपल्या आठवणीतल्या गात राहिल्या, आणि मला तेव्हा सुचलं नाही की हे ध्वनिमुद्रित करावं.

मोबाइलवर यातलं सगळं चालतं, पण दाते-कर्वेच्या लांबलचक नोंदी लहान पडद्यावर वाचताना डोळे दुखतात. त्यासाठी मी कॉलेजच्या संगणकावर बसते. खेड्यातल्या मुलांकडं नेट तुटक असतं, म्हणून लागणारी नोंद वहीत उतरवून घ्यायला लावते. इंग्रजी अर्थांची भीती पहिल्या महिन्यात फार वाटते, पण नवख्यानं मोल्सवर्थऐवजी दाते-कर्वेपासून सुरुवात केली की ती राहत नाही. मॅक्सीन बर्नसन यांचा मूलभूत मराठी-इंग्रजी कोशही शिकागोच्या लायब्ररीतच आहे. आकारानं लहान, भाषा आजची. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या माझ्या भाच्याला तोच सोपा गेला.

त्या मुलीनं आता स्वतःची एक वही केली आहे. डाव्या पानावर घरातला शब्द, उजव्या पानावर कोशात काय सापडलं ते. डावी पानं भरलेली आहेत, उजवी बरीच कोरी. मागच्या आठवड्यात मीही आत्याबाईंसमोर मोबाइल ठेवून बटण दाबलं आणि येळवसेची तयारी कशी करायच्या ते विचारलं. चौदा मिनिटं बोलल्या. त्यात 'करू लालाव' किती वेळा आलं ते मोजायचं काम त्या मुलीकडं दिलं आहे.