प्लग-इन हायब्रिड एसयूव्ही: बॅटरी झकास, इंजिनाचं रडगाणं

आधी चांगलं सांगून टाकतो, नाहीतर म्हणाल शेठ नुसताच रडतो. प्लग-इन हायब्रिड म्हणजे प्लग लावून चार्ज होणारी बॅटरी आणि पेट्रोल इंजिन, दोन्ही एकाच गाडीत. जालन्यात, गावातल्या गावात हिच्यासारखी गाडी नाही. घरून नवा मोंढा, मोंढ्यातून एमआयडीसीतलं गोडाऊन, येताना अंबड चौफुलीवर कोणाकडे तरी चहा, सगळं बॅटरीवर. आवाज नाही की धूर नाही. आई मागच्या सीटवर बसली की पाच मिनिटांत डुलकी काढते. रात्री प्लग लावायचा, सकाळी गाडी तयार.

फक्त अर्थिंग नीट पाहिजे. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळली की अर्थिंग कमजोर पडतं आणि चार्जर लाल दिवा दाखवून गप्प बसतो. आमचा गडी एप्रिल-मेमध्ये झाडांना पाणी घालताना अर्थिंगच्या खड्ड्यातही बादलीभर ओततो. हे शोरूमवाल्यांनी नाही, आमच्या वायरमननं सांगितलं.

दुखणं आहे ते पेट्रोल इंजिनाचं.

समृद्धीवर चढेपर्यंत सगळं गोड. मर्यादा 120 ची, गाडी शंभर-एकशेदहावर आरामात चाललेली, अजून बॅटरीवरच. पुढे ट्रक आला, ओव्हरटेकला पाय दाबला की इंजिन जागं होतं. बरेच दिवस न चाललेलं, पूर्ण थंड इंजिन थेट पळायलाच लागतं. साध्या गाडीत निदान गल्लीतून निघताना, सिग्नलला थांबताना ते गरम होतं; इथं ती सवलतच नाही. माझ्या गाडीत अशा वेळी आधी थरथर सुरू झाली, मग इंजिनाचा पिवळा दिवा, मग स्क्रीनवर ‘पॉवर कमी केली आहे’. मागून ट्रॅव्हल्स येतेय आणि आपण डावी लेन गाठायला बघतोय.

दुसरी गोष्ट ऑइलची. या गाडीला ऑइल मोजायची पट्टीच नाही, पातळी स्क्रीनवर बघायची. ती कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेली. ऑइल कोणी घातलं नाही आणि स्क्रीन म्हणते कमाल मर्यादा ओलांडली! मंठा चौफुलीजवळ आमचे जुने मेकॅनिक चाचा आहेत. या गाडीला हात लावणार नाही म्हणाले, पण ऑइलचं झाकण उघडून आतून बोट फिरवलं, नाकाशी नेलं. “शेठ, ये तो पेट्रोल की बास है.” झाकणाच्या आत पिवळसर, साईसारखा थर जमला होता. ती पाण्याची वाफ, ऑइलात मिसळून थिजलेली.

कारण समजायला इंजिनिअर व्हायची गरज नाही. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, त्यातलं थोडं न जळता सिलिंडरच्या कडेनं ऑइलमध्ये उतरतं. इंजिन अर्धा-पाऊण तास तापलं तर ते उडून जातं. पण दोन-चार मिनिटं चालून बंद पडणाऱ्या इंजिनात ते साठत राहतं, ऑइल पातळ होतं, त्याची ताकद जाते. म्हणजे गाडी जितकी काटकसरीनं बॅटरीवर चालवाल, तितका इंजिनाला धोका. पुस्तिकेत हे एका ओळीत असेलही, विकताना मात्र कोणी तोंड उघडलं नाही.

पेट्रोल पंपावरचा तमाशा वेगळाच. इंजिन चालत नाही म्हणून टाकीतली वाफ जळत नाही, म्हणून टाकी सीलबंद. बटण दाबायचं, आतला दाब उतरेपर्यंत थांबायचं, मग झाकण उघडणार. पंपावरचा पोरगा नोझल हातात धरून उभा, मागचे हॉर्न वाजवतात.

औरंगाबादेत 2010 साली दीडशे मर्सिडीज एकदम घेतल्या गेल्या, तेव्हापासून मराठवाड्यात महागड्या गाडीचं अप्रूप उरलं नाही. (माझी मर्सिडीज नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, प्रकरण अजून त्यांच्याकडे चालू आहे.) अप्रूप आहे ते धड सर्व्हिसचं. संभाजीनगरला गाडी नेली की आधी सॉफ्टवेअर अपडेट. दिवा परत लागला की म्हणतात पेट्रोल खराब भरलं असेल. आता सगळ्याच पंपांवर ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे, झाकणाच्या आत ई-20 चालेल असं यांनीच छापलंय, मग मी पेट्रोल आणायचं कुठून? शेवटी एक इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) बदलला, ऑइल बदललं. वॉरंटीत होतं, पैसे लागले नाहीत, हे मान्य. आणि वर, “सर, ही आमच्याकडची पहिलीच केस आहे.”

लातूरच्या एका डॉक्टरांकडे हीच गाडी. तीच थरथर, तोच ऑइलचा वास. त्यांनाही ‘पहिलीच केस’. संभाजीनगरच्या एका बिल्डरलाही तेच उत्तर, आणि ते तर त्याच वर्कशॉपमध्ये!

मी बियाण्याचा होलसेलर. आमच्याकडे बियाणं उगवलं नाही की शेतकरी पिशवी, टॅग, पावती घेऊन दारात येतो. तालुक्याची समिती शेतात जाऊन पंचनामा करते, लॉट नंबर लिहिते. एकाच लॉटच्या दोन-तीन तक्रारी आल्या की कंपनीचा माणूस धावत जालन्याला येतो. सातशे-आठशेच्या पिशवीला हा कायदा आणि या गाडीच्या जॉबकार्डावर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या कागदावर, कारणाच्या रकान्यात ‘तपासले, ठीक आहे’.

घेणाऱ्यांना एवढंच सांगतो, शोरूममध्ये बॅटरीच्या वॉरंटीचे आकडे ऐकवतील, तुम्ही इंजिनाची वॉरंटी किती ते विचारा. रोज दहा-पंधरा किलोमीटरच फिरणं असेल तर सरळ पूर्ण इलेक्ट्रिक घ्या. त्यावर जीएसटी 5 टक्के, या मोठ्या हायब्रिडवर 40. ज्यांनी आधीच घेतली त्यांनी आठवड्यातून एकदा इंजिन मोडवर टाकून देऊळगाव राजापर्यंत जाऊन यावं, आणि कंपनी सांगेल त्याच्या निम्म्या अंतरावर ऑइल बदलावं. मी आता तेच करतोय. दिवा सध्या बंद आहे, थरथर गेलेली नाही.

बॅटरीला चार स्टार, सर्व्हिसला एक. इंजिनाचे स्टार जॉबकार्डावर खरं कारण लिहून मिळेल तेव्हा देईन.