५ रेप्स की १५? गुडघ्यांना विचारून ठरवा

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या जिममध्ये हा वाद रोजचाच: एका सेटमध्ये, म्हणजे न थांबता, वजन किती वेळा उचलायचं (किती रेप्स)? एकीकडे ५ रेप्सवाले, दुसरीकडे १५वाले. चाळिशी ओलांडल्यावर मी दोन्ही करून पाहिलं.

५ रेप्स म्हणजे एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या साधारण ८५ टक्के. ताकद यानेच झपाट्याने वाढते, आणि स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरांनाही घट्ट व्हायला जड भार लागतोच. अडचण अशी की स्नायू काही आठवड्यांत दणकट होतात, कंडरा मात्र महिने घेतात. शिवाय एवढ्या वजनाखाली स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन उठबस) जरा चुकला तरी महागात पडतो. डिसेंबरात नाशिकचा पारा १० अंशांखाली गेला असताना, पहाटे साडेपाचला वॉर्मअपशिवाय थेट जड बार उचलणाऱ्यांना तर माझा साष्टांग नमस्कार!

१५ रेप्सना वजन ६५ टक्क्यांच्या आसपास. सांध्यावर एका वेळी येणारा ताण कमी, आणि सेट दमेपर्यंत नेला तर स्नायू जवळपास तितकेच वाढतात. पण ‘हलकं म्हणजे सुरक्षित’ हे अर्धसत्य. बाराव्या रेपनंतर फॉर्म, म्हणजे हालचालीची ठेवण, ढासळायला लागते, आणि तीच हालचाल शेकडो वेळा केली की कोपरंही कुरकुरतात.

माझा कौल? स्क्वॉट, डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) ६ ते ८, दोन रेप्स हातच्या राखून. लेग एक्स्टेन्शनसारखे (बसून वजनाविरुद्ध गुडघा सरळ करणं) एकाच सांध्याचे प्रकार १२ ते २०. पांडवलेणीच्या पायऱ्या उतरताना गुडघा बोलला, की त्या आठवड्यात जड स्क्वॉट बंद. दुखणं टिकलंच तर अस्थिरोगतज्ज्ञ गाठायचा, ट्रेनरचं मालिश नव्हे.