गोडॉक्स टीटी६००: लग्नात दोन वर्षं वापरल्यावर

पहिला फ्लॅश कोणता घेऊ, असं कुणी विचारलं की मी टीटी६०० च सांगते. यात टीटीएल नाही. म्हणजे उजेड किती टाकायचा ते कॅमेरा ठरवत नाही, आपणच १/१ ते १/१२८ मध्ये पॉवर लावायची. दोन-तीन कार्यक्रम हात अडखळतो, मग अंदाज पक्का बसतो.

समोरून थेट मारला तर पैठणीचा जरीकाठ पांढराफटक पडतो. म्हणून फ्लॅशचं डोकं वर वळवायचं आणि पांढऱ्या छतावरून उजेड उसळू द्यायचा. आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) ८००, १/८ पॉवर. गालावरच्या ओल्या हळदीचा कणन्‌कण दिसतो. भिंतीचा रंग मात्र आधी बघा! एका कार्यालयात पोपटी भिंतीवरून उजेड घेतला आणि नवरीचा चेहराच हिरवट आला.

हाय-स्पीड सिंक, म्हणजे खूप वेगवान शटरलाही फ्लॅशची साथ, हवं असेल तर वेगळा ट्रिगर (कॅमेऱ्यावर बसवून फ्लॅश दुरून उडवणारं उपकरण) लागतो, फ्लॅश कॅमेऱ्यावर असताना ते चालत नाही. सेल चार एए. रिचार्जेबलच घ्या आणि चारचा एक जादा संच खिशात ठेवा. फुल पॉवरला पुन्हा चार्ज व्हायला अडीच सेकंद जातात, तेवढ्यात अक्षता पडूनही जातात. १/८ वर ठेवला की थांबावं लागत नाही.