हँडहेल्डची डावी स्टिक: दहा महिने वापरल्यावर

२०२५ च्या जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी गोव्यातल्या चोडण बेटाच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत उभी होते. पाऊस नुसता ओतत होता, बोट अजून रिबंदरच्या बाजूलाच होती, म्हणून शेडखाली स्कूटर स्टँडला लावून हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचा गेमिंग कन्सोल, काढला. गेम सुरू केला आणि पडद्यावरची माझी शेतकरीण आपणहून डावीकडे चालायला लागली. माझा अंगठा स्टिकवर, म्हणजे पात्र चालवायच्या छोट्या दांडीवर, नव्हताच. ती कुंपणाला जाऊन टेकली आणि तिथेच पाय आपटत राहिली. स्टिक गोल फिरवली, फुंकर मारली, ओढणीच्या टोकाने पुसली. दोन मिनिटं बरी, मग पुन्हा डावीकडे. ५८,००० रुपयांची वस्तू, घेऊन जेमतेम पाच महिने झालेले.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा रोग एकाच कंपनीचा नाही. सात इंची पडदा, १६ जीबी रॅम वगैरे आकडे तुम्हाला पाठ असतील, तेही सोडून देते. पहिले पाच महिने मी या यंत्रावर मनापासून खूश होते. माझं खेळणं तुकड्या-तुकड्यांत चालतं: बोट येईपर्यंत पंधरा मिनिटं, कुकरच्या तीन शिट्या होईपर्यंत दहा, रात्री वीज गेली की बाल्कनीत तासभर. बटण दाबलं की गेम आहे तिथे झोपतो, पुन्हा दाबलं की तिथूनच उठतो, ही सोय मला पडद्यापेक्षा आणि प्रोसेसरपेक्षा मोलाची वाटली. टीव्हीखालच्या कन्सोलवर मी वर्षात मिळून इतकं खेळले नसते. लहान गेमना बॅटरी चार तास सहज पुरते, मोठ्या गेमना दोन तासही नाही. गरम होतो, पण हात पोळत नाही. बाकी आवाज, वजन, बटणं, कशाबद्दलच तक्रार नाही.

तक्रार आहे ती डाव्या स्टिकची, आणि तिच्याबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे.

या स्टिकच्या पोटात दोन छोटे पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीला, एक उभ्या. कार्बनचा थर दिलेली एक पट्टी आणि तिच्यावर घासत फिरणारी धातूची जीभ, एवढीच ती रचना. जीभ जिथे टेकते तिथला विद्युतदाब मोजून यंत्र ठरवतं की अंगठा कुठे आहे. रोज हजारो वेळा घासून तो थर झिजतो, त्याची भुकटी होते, आणि मधोमध सोडलेली स्टिक यंत्राला थोडी कललेली वाटायला लागते. यालाच ड्रिफ्ट म्हणतात. माझ्याकडे सेटिंगमधल्या चाचणीत स्टिक सोडल्यावर ०.०० च्या आसपास दिसायला हवं तिथे ०.१९ दिसत होतं. डेडझोन, म्हणजे मधल्या ज्या हालचालीकडे यंत्र दुर्लक्ष करतं तो भाग, वाढवून पाहिला. शेतकरीण थांबली, पण मग स्टिक चांगली पाव भाग ढकलल्याशिवाय ती हलेचना. गाडीच्या गेममध्ये हलकं वळण घेणंच बंद झालं.

गंमत नाही, मला याचं खरोखर दुःख झालं. कारण यावर उपाय जुना आहे. सेगा कंपनीने १९९६ मध्ये आपल्या सॅटर्न कन्सोलच्या थ्रीडी पॅडमध्ये आणि १९९८ मध्ये ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये चुंबकावर चालणारी स्टिक वापरली होती. त्यात लोहचुंबक हलतो आणि हॉल सेन्सर त्याचं क्षेत्र मोजतो. सेन्सरमध्ये घासणारं काही नाही, म्हणून तिथे झिजणारंही काही नाही. पाव शतकाहून जुनं हे तंत्र ५८,००० च्या वस्तूत का नसावं?

सर्व्हिसची कथा थोडक्यात सांगते, नाहीतर माझा रक्तदाब वाढेल. वॉरंटीचे सात महिने बाकी होते. पणजीतल्या सर्व्हिस सेंटरने हँडहेल्ड घेतला आणि बंगळुरूला पाठवला. २७ दिवसांनी फोन आला.

"मॅडम, आतला इंडिकेटर लाल झालाय. पाणी गेलेलं आहे. वॉरंटीत बसणार नाही."

"पाण्यात पडलेला नाही, पावसात भिजलेला नाही. मी गोव्यात राहते, हवेतच ओल आहे."

"तसं सिस्टममध्ये लिहिता येत नाही मॅडम."

अख्खा बोर्ड बदलायचा, खर्च १४,८००. नको असेल तर तपासणीचे ८५० भरून आहे तसा परत न्यायचा. मी ८५० भरले. आपल्याकडे चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कपाटातल्या चामडी पट्ट्याला बुरशी येते, एसीच्या ऑफिसातून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर धुकं धरतं. तेच धुकं यंत्राच्या पोटात धरत असणार. ज्या प्रदेशात वस्तू विकता तिथली हवा हा ग्राहकाचा गुन्हा कसा होतो? ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आणि घरी आले.

गणेश चवथीला भाऊ सुट्टीवर दुबईहून आला होता. गणपतीवरची फळा-फुलांची माटोळी बांधून झाल्यावर भाचा माझ्या शेजारी येऊन बसला. तो पंधरा वर्षांचा आहे आणि या विषयात माझ्यापेक्षा जाणता. "आत्या, पुढच्या वर्षी सगळेच हँडहेल्ड काढतील, तू थांबायला हवं होतंस," असं त्याचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. २०१७ च्या मार्चमध्ये स्विच आला तेव्हा टीव्हीला जोडायचा आणि हातातही धरायचा कन्सोल ही कल्पना एकट्या निन्टेंडोची होती. २०२२ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक आला आणि पीसीचे गेम हातात आले. जून २०२५ मध्ये स्विच २ आला, ४४९.९९ डॉलरला. ऑक्टोबरात असूसने बनवलेला, एक्सबॉक्सचं नाव मिरवणारा ॲलाय आला, साधा ५९९.९९ ला आणि वरचा ९९९.९९ ला. म्हणजे ज्यांचं भांडण टीव्हीखालच्या जागेसाठी होतं ते आता आपल्या पिशवीतल्या जागेसाठी भांडताहेत.

आणि गेमचं म्हणाल तर भिंती पडत चालल्या आहेत. सिल्कसाँग ४ सप्टेंबरला आला तो एकाच दिवशी स्विच, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि पीसीवर. प्लेस्टेशनवाल्या सोनीने प्रकाशित केलेला हेलडायव्हर्स २ ऑगस्टमध्ये एक्सबॉक्सवर गेला. हेलो, म्हणजे एक्सबॉक्सची ओळखच, तो २०२६ मध्ये प्लेस्टेशनवर येणार असं ऑक्टोबरात जाहीर झालं. 'कुठला गेम कुणाकडे' यावर यंत्र निवडायचे दिवस निन्टेंडो सोडली तर संपत आले आहेत. मग निवडायचं कशावर? माझं उत्तर पक्कं आहे: कुठलं यंत्र चार पावसाळे काढेल आणि बिघडलं तर ते कोण उघडू देईल, त्यावर.

चवथीनंतरच्या शुक्रवारी म्हापशाला बाजाराला गेले तेव्हा हँडहेल्ड पिशवीत टाकून नेला. बाजाराजवळच्या एका गाळ्यात मोबाइल दुरुस्त करणारा एक मुलगा बसतो, सावंतवाडीकडचा. त्याने विचारलं, "ताई, वॉरंटी गेली तर चालेल ना?" म्हटलं, ती केव्हाच गेली. मागचे सहा स्क्रू काढताना दोन गंजलेले निघाले, त्यांच्या खाचा घसरल्या. मग झाकण, मग बॅटरीची जोडणी, मग एक बोटभर रुंदीची रिबन केबल, आणि तिच्या टोकाला डावी स्टिक एका वेगळ्या छोट्या पट्टीवर बसवलेली. दोन स्क्रू आणि एक खटका. एवढंच! अख्खा बोर्ड बदलायची गरजच नव्हती. त्याने जुनं मॉड्यूल फोडून भिंगाखाली दाखवलं. कार्बनच्या काळ्या पट्टीवर मधोमध केसाएवढी फिकट रेघ पडली होती, कडेला काजळासारखी भुकटी, आणि जिभेच्या टोकावर हिरवट डाग. भुकटी झिजेची, डाग आपल्या खाऱ्या हवेचा.

हॉल सेन्सरवाली स्टिक त्याने मागवून ठेवायचं कबूल केलं. पुढच्या शुक्रवारी चाळीस मिनिटांत बसवली, कॅलिब्रेशन करून दिलं. मजुरीसकट २,२००. चाचणीत आकडा ०.०१. बोटीवर त्या दिवशी मी गेम न खेळता नुसती स्टिक हलवत बसले होते.

इथपर्यंतचं सप्टेंबरअखेर लिहून ठेवलं होतं, आणि त्यात 'हॉलची स्टिक घ्या, ड्रिफ्ट विसरा' असं ठळक वाक्य होतं. ते काढून टाकलं आहे. कारण ऑक्टोबरात शेतकरीण पुन्हा चालायला लागली, या वेळी वरच्या दिशेने. मी हादरले. पण एक गोष्ट लक्षात आली, हे फक्त धक्क्यावर व्हायचं, घरी कधीच नाही. घरी मी हँडहेल्ड केसमधून पूर्ण बाहेर काढते. धक्क्यावर मात्र केस खालीच धरते आणि तिचं झाकण मागे दुमडून डाव्या मुठीखाली घेते. त्या झाकणाच्या कडेला बंद होण्यासाठी शिवलेलं लोहचुंबक आहे. झाकण जवळ नेलं की आकडा ०.१४, लांब केलं की ०.०१. हॉल सेन्सरला झीज नाही, पण चुंबकाचं क्षेत्र कुणाचं हे त्याला कळत नाही. १८० रुपयांची चेनची केस घेतली आणि प्रश्न मिटला. हॉलची स्टिक बसवणाऱ्यांनी चुंबकवाल्या केसपासून आणि फोनच्या चुंबकी स्टँडपासून लांब राहा.

आता पुढे काय येतंय याकडे मी याच नजरेने बघते. स्विच २ च्या स्टिक हॉल सेन्सरच्या नाहीत, हे निन्टेंडोने एप्रिलमध्येच सांगितलं. जुन्या स्विचच्या जॉय-कॉन कंट्रोलरच्या ड्रिफ्टबद्दल त्यांच्या अध्यक्षांनी २०२० मध्ये माफी मागितली होती आणि युरोपात वॉरंटीनंतरही ते फुकट दुरुस्त करून देण्याचं त्यांनी मान्य केलं. भारतात तर निन्टेंडो अधिकृतपणे विकतच नाही, मग दुरुस्ती कुठली. त्यातून स्विच २ चे बरेच गेम 'गेम-की कार्ड' आहेत, म्हणजे कार्डात फक्त चावी, गेम नेटवरून उतरवायचा. ज्या बेटावर पावसात नेट जातं तिथे मला कार्डातच गेम हवा.

व्हॉल्व्हने नोव्हेंबरमध्ये नवा स्टीम कंट्रोलर जाहीर केला, त्यात टीएमआर स्टिक आहेत, म्हणजे चुंबकावरच्याच, पण कमी वीज खाणाऱ्या. स्टीम डेकचे सुटे भाग ते आयफिक्सिट या दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या कंपनीमार्फत विकतात, दुरुस्तीची पायरी-पायरी पुस्तिका सगळ्यांसाठी खुली आहे. मला हव्या त्या वळणाच्या सर्वांत जवळ हीच कंपनी आहे, आणि तिचा डेक आपल्याकडे अधिकृतपणे मिळत नाही याची मला खंत आहे.

सर्वांत मोठी आशा मात्र कुठल्या कंपनीकडून नाही. युरोपच्या नव्या बॅटरी कायद्यानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-बसवता यायला हवी. आपल्याकडे असा नियम नाही. पण युरोपसाठी एक साचा आणि आपल्यासाठी दुसरा असा उद्योग कारखान्यांना परवडेल असं वाटत नाही. झाकण बॅटरीसाठी उघडायला लागलं की स्टिकपर्यंत हात पोचायला दोनच स्क्रू उरतात. म्हणून कुणी मला विचारलं की आत्ता घेऊ का, तर मी म्हणते: हातातलं चालतंय तोवर चालवा, २०२७ चे मॉडेल बघा. अडूनच बसला असाल तर घ्यायच्या आधी त्याच्या आतल्या रचनेचा एक व्हिडिओ बघा. स्टिक वेगळ्या पट्टीवर असेल तर घ्या. मुख्य बोर्डाला डाख देऊन (सोल्डर करून) जोडलेली असेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

१९१५ च्या तक्रारीचं उत्तर नोव्हेंबरात आलं. कंपनी सदिच्छा म्हणून मजुरी माफ करायला तयार आहे, बोर्डाचे पैसे मला भरावे लागतील. मी कळवलं की स्टिक बदलून झाली आहे, तपासणीचे ८५० परत द्या. त्यावर अजून उत्तर नाही.

माझा हिशेब असा: ५८,००० अधिक ८५० अधिक २,२००, एकूण ६१,०५०. आजवर ३१२ तास खेळले, म्हणजे तासाला १९६ रुपये. हा आकडा शंभराखाली यावा अशी माझी इच्छा आहे, त्यासाठी अजून जवळजवळ तेवढेच तास हवेत. उजवी स्टिक अजून जुनीच आहे, काल मोजली तेव्हा ०.०४ दाखवत होती. तिच्यासाठी हॉलचं मॉड्यूल आणून सिलिका जेलच्या पुडीसोबत डब्यात बंद करून ठेवलं आहे, आणि म्हापशाच्या मुलाला सांगून ठेवलंय की मिरग लागायच्या आत एक शुक्रवार माझ्यासाठी राखून ठेव.